आवाज अडवा, आवाज जिरवा

बाबा ऑफिसातून आले हे आम्हाला बेल वाजायच्या बरंच आधी कळायचं. आधी फाटकाची कडी. मग फियाटचं दार दोनदा लावल्याचा आवाज, कारण पहिल्या झटक्यात ते आयुष्यात कधी लागलं नाही. आणि शेवटी गॅरेजचं शटर, खाली येताना मध्येच एकदा अडकणारं. ते अडकलं की आई तवा गॅसवर ठेवायची. बाबा हातपाय धुऊन येईपर्यंत तवा तापलेला असायचा. हे कुणी ठरवलं नव्हतं, कुणी कधी बोलूनही दाखवलं नाही. माझ्या तर ते लक्षात आलं शटर काढून टाकल्यावर.

पुण्यातल्या सहकारनगरातलं आमचं घर १९७४ सालचं. गॅरेज घराला चिकटून, १८ फूट लांब, १० फूट रुंद, ९ फूट उंच. त्याची एक लांब भिंत स्वयंपाकघराशी सामाईक, आणि वरच्या स्लॅबवर कपडे वाळत घालायच्या तारा. फियाट विकल्यावर गॅरेजचं जे होतं तेच झालं. गणपतीचं मखर, बिघडलेला कूलर, ‘कधीतरी लागतील’ म्हणून ठेवलेल्या शहाबादी फरश्या, माझी शाळेतली सायकल.

मी बँकेतली नोकरी मुदतीआधी सोडली आणि आवाजाचं काम धरलं. ऑडिओबुकं वाचतो, माहितीपटांचं निवेदन करतो. पहिली दोन वर्षं कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून रेकॉर्डिंग केलं. हसू नका, कपाट वाईट नसतं. साड्या, स्वेटर, गोधड्या, सगळे आवाज पिऊन टाकतात आणि माइकवर छान कोरडा सूर उतरतो. वाईट असतं ते कपाटाबाहेरचं जग. एका ऐतिहासिक कादंबरीत मध्यरात्री गडावर खलबत चाललंय, किल्लेदार दिवा मालवतो, आणि मागून खणखणीत आवाजात ‘रद्दीऽऽ, पेपर, भंगाऽऽर’. तोही माणूस नव्हे, हातगाडीवरचा स्पीकर. म्हणजे दमायचा प्रश्न नाही. तळजाईच्या टेकडीवर मोर आहेत. चैत्रात कोकिळा पहाटे चारला सुरू होते. साडेदहाला आमचा कुकर, पावणेअकराला शेजारचा. रेकॉर्डिंग तपासणारा मुलगा एकदा फोनवर म्हणाला, “सर, मोर चालून जाईल, किल्ल्यावर असतात मोर. पण कुकरच्या तीन शिट्ट्या काढाव्या लागतील.”

म्हणून गॅरेज.

पहिली चूक मी एकट्याने केली. फोमचे काळे चौकोन मागवले, ते पिरॅमिडसारख्या उंचवट्यांचे, फोटोत सगळ्या स्टुडिओंच्या भिंतींवर असतात ते. एक मित्र अंड्यांचे ट्रे गोळा करून देतो म्हणाला, त्याला नको म्हटलं, एवढीच त्या आठवड्यातली माझी अक्कल. (ट्रे आवाज अडवत नाहीत, पेटतात मात्र झकास.) फोम शटरला आतून चिकटवला, भिंतींना चिकटवला आणि टाळी वाजवली. आधी टाळीनंतर समोरासमोरच्या भिंतींमधून जो टर्रर्र असा आवाज पळायचा, तो गेला होता. मला वाटलं, जमलं. माइक लावला, हेडफोन चढवले, आणि भंगारवाला आला. आधी तो गल्लीत होता, आता माझ्या शेजारी बसून वाचत होता. खोलीचा घुमारा गेल्यामुळे त्याचं ‘जुनी बॅटरी, इन्व्हर्टर’ उलट जास्त सुबक ऐकू येत होतं.

लहानपणी गावोगावच्या भिंतींवर लिहिलेलं असायचं, ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’. आम्ही ते एका दमात वाचायचो, एकच काम असल्यासारखं. शेतातल्या माणसाला विचारलं तर तो सांगेल की बांध घालणं वेगळं आणि मातीने पाणी प्यावं अशी तजवीज करणं वेगळं. आवाजाचंही तसंच असतं हे मला फोमचे पैसे गेल्यावर समजलं. फोम, पडदे, गालिचे, गोधड्या आवाज जिरवतात. म्हणजे खोलीत जन्मलेला आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. पण बाहेरून येणारा आवाज अडवायला जे लागतं, ते फोममध्ये औषधालाही नसतं. ते म्हणजे वजन.

या दोन कामांतला फरक मला सगळ्यात चांगला समजला तो उघड्या खिडकीवरून, आणि ती खिडकी सापडली एका जुन्या गोष्टीत. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८९५ मध्ये फॉग कलासंग्रहालयाचं नवं व्याख्यानगृह सुरू झालं आणि कळलं की आत व्याख्यान समजतच नाही. तिथे काढलेला आवाज विरायला साडेपाच सेकंद लागायचे, म्हणजे पहिला शब्द पुढच्या दहाबारा शब्दांवर सांडलेला. हे निस्तरायचं काम वॉलेस क्लेमेंट सॅबिन नावाच्या भौतिकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकाकडे आलं. तो जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकींच्या गाद्या रात्री उचलून आणायचा, शहर निजल्यावर ऑर्गनची एक नळी वाजवायचा, बंद करायचा आणि आवाज पुरता विरेपर्यंत किती वेळ गेला ते मोजायचा. मग आणखी गाद्या, पुन्हा नळी. आणि मग गाद्या जागच्या जागी परत. खोलीचा घुमारा किती, याचं जगभर वापरलं जाणारं सूत्र या गाद्यांच्या हमालीतून निघालं. बॉस्टनचा सिम्फनी हॉल १९०० साली उघडला तो याच माणसाच्या गणितावर.

सॅबिनने जिरवण्याचं माप आधी गाद्यांत मांडलं आणि मग उघड्या खिडकीत. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक माप. कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. खोलीच्या दृष्टीने तो शंभर टक्के जिरला. आता हीच खिडकी अडवण्याच्या बाजूने बघा. शून्य. जिरवण्यात पहिला नंबर आणि अडवण्यात नापास. मी दोन महिने हा विचार डोक्यात घेऊन हिंडलो, भाजी आणतानासुद्धा.

गाद्यांवरून आठवलं. दिवाळीच्या आधी आमच्याकडे पिंजारी यायचा. फियाट बाहेर काढायची, आणि तो या गॅरेजात बसून जुन्या गाद्यांचा कापूस पिंजायचा. धनुकलीच्या तातीचा तो टंऽण टंऽण आवाज आधी गल्लीच्या टोकावरून यायचा, मग फाटकातून, मग आतून. सकाळी तो आवाज गॅरेजात घणघणायचा. दुपारपर्यंत पिंजलेल्या कापसाचा ढीग छातीइतका झाला की तीच तात मऊ वाजायला लागायची, कुणीतरी तिला रजई पांघरल्यासारखी. मी त्या ढिगाशेजारी उभा राहून स्वतःच्या नावाने हाका मारायचो आणि माझाच आवाज मला परका वाटायचा. आई ओरडायची, “नाकात कापूस जाईल!” सॅबिनचं नाव कळायला पुढे चाळीस वर्षं लागली.

तर मी त्याचीच नक्कल केली. माळ्यावरच्या सहा गाद्या खाली आणल्या, एकेक गादी आत नेत टाळ्या वाजवल्या आणि फोनवर रेकॉर्ड केल्या. आई दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं असणार की बँकेने याला वेळेवर सोडला. कागदावर रिकाम्या गॅरेजचा घुमारा तीन सेकंदांच्या आसपास येत होता, पुस्तक वाचायला हवा होता तीन दशांश. आतली खोली होईल तिच्या मापाने हिशेब केला तर साधारण १७ चौरस मीटर ‘उघडी खिडकी’ लागत होती. म्हणजे अख्खं छत जिरवणारं करायचं आणि वर भिंतींचाही तुकडा. हे काम नंतर सोपं झालं. रॉकवूलच्या, म्हणजे दगडाच्या तंतूंच्या लोकरीच्या, दोन इंची पाट्या, पाइनच्या चौकटी, आणि वरून मांजरपाट. कापडाच्या दुकानात मी ताग्यावर तोंड टेकवून फुंकर मारून बघत होतो, कारण फुंकर आरपार गेली तरच आवाज आत शिरणार. दुकानदाराने विचारलं, “काय शिवायचंय?” म्हटलं, भिंत.

अवघड होतं ते अडवणं.

शटरचा पत्रा चौरस मीटरला दहा किलोंच्या आसपास, तोही फटींनी भरलेला. नऊ इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंनी गिलावा केली की चौरस मीटरला ४०० किलोंच्या वर जाते. म्हणून पहिलं काम म्हणजे शटर काढून तिथे वीटकाम. रीतसर परवानगी वगैरे मावसभावाने बघितलं, तो सिव्हिल इंजिनिअर आहे. शटर उतरवलं त्या दिवशी मी मुद्दाम घरी थांबलो. दोन माणसांनी ते गुंडाळी करून टेम्पोत टाकलं. खाली आपटताना ते एकदा वाजलं, अगदी ओळखीचं, आणि स्वयंपाकघरातून आईने विचारलं, “कोण आलं रे?”

विटांनी बराच फरक पडला. पण वजनाचा मार्ग फार लांब जात नाही. भिंतीचं वजन दुप्पट केलं की जास्तीचा आवाज अडतो साधारण सहा डेसिबल, आणि कानाला ‘निम्मा झाला’ असं वाटायला लागतात दहा. म्हणजे नऊ इंचाची भिंत अठरा इंच केली तरी भंगारवाला निम्मासुद्धा होत नाही. मग एकच उपाय उरतो, खोलीच्या आत खोली. विटांच्या भिंतीपासून सुटी, स्वतःच्या पायावर उभी असलेली चौकट, मधल्या पोकळीत रॉकवूल, आतून जिप्समच्या बोर्डांचे दोन थर, एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येणार नाही असे. छत स्लॅबला टांगायचं नाही, आतल्या भिंतींवरच ठेवायचं. खाली रबराचे तुकडे. आतल्या खोलीने बाहेरच्या खोलीला कुठेही हात लावायचा नाही. सोवळ्यातली बाई वावरते तसं.

आमचे मिस्त्री सासवडकडचे, हाताला वळण असलेले, आणि त्यांना ही सोवळ्याची कल्पना मुळीच पसंत नव्हती. “साहेब, भिंतीला धरलं नाही तर हालंल की,” ते म्हणाले. मी चहा पाजून, कागदावर चित्र काढून समजावलं. त्यांनी मान डोलावली. काम पुरं झाल्यावर आत जाऊन बसलो, आणि सामाईक भिंतीपलीकडे आई खलबत्त्यात वेलदोडे कुटत होती ते दर ठोक्याला स्पष्ट. भिंतीला कान लावत, इंच इंच सरकत, मला चार जागा सापडल्या जिथे ठोका जास्त खणखणीत होता. फळी उचकटली तर चार लांब स्क्रू, आतल्या चौकटीतून थेट विटांत. मिस्त्रींनी माझ्या काळजीपोटी मारलेले. “चारच मारले,” ते म्हणाले, आणि त्यात अपराधाचा लवलेश नव्हता. चार स्क्रूंनी हजारो रुपयांची पोकळी बुजवली होती. काढून टाकल्यावर खलबत्ता बराच लांब गेला, गेला नाही मात्र. खोली अजून हललेली नाही, हे मी त्यांना दर दिवाळीला फोन करून सांगतो.

दाराचं तर वेगळंच प्रकरण. सात बाय तीन फुटांच्या दाराखाली अर्ध्या इंचाची फट राहिली तर ती दाराच्या शंभराव्या हिश्शाएवढीही नसते. पण ज्या दाराचा शंभरावा हिस्सा उघडा आहे ते दार, मग ते पोलादाचं का असेना, वीस डेसिबलच्या पलीकडे काही अडवू शकत नाही. आवाज पाण्यासारखाच, त्याला धरणाची उंची दाखवून उपयोग नाही, तो भोक शोधतो. म्हणून दोन दारं केली, एक विटांच्या भिंतीत, एक आतल्या खोलीला, मध्ये हातभर जागा. दोन्हींना चारी बाजूंनी रबराची पट्टी, खाली उंबरठा. उंबरठा हा शब्द किती दिवसांनी कामाला आला! आमच्या पिढीने घराघरांतून उंबरठे काढून टाकले, फरशी सलग दिसावी म्हणून, आणि मी पैसे देऊन एक परत बसवून घेतला.

फटी शोधायची रीत मला आईने दिली. मी रात्री आत दिवा लावून बाहेरून उजेडाच्या रेघा शोधत होतो, दोनतीन सापडल्या. ती म्हणाली, “उदबत्ती लाव.” आत पंखा लावून हवा बाहेर ढकलली आणि चौकटीच्या कडेने उदबत्ती फिरवली. जिथे धूर सरळ चढायचा सोडून वाकडा झाला, तिथे फट. बिजागरीच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, जिथे उजेड सापडला नव्हता तिथेही धूर वाकला. सिलिकॉनच्या नळ्या किती संपल्या ते मोजलं नाही.

एवढं होऊन एक आवाज तसाच येत होता आणि तो आईचा होता. दुपारी मी आत वाचत बसलो की माझ्या उजव्या कानापाशी ती हळू आवाजात म्हणायची, “मेथी कशी दिली?” अगदी शेजारून. दोन दिवस मी घाबरलो होतो हे कबूल करतो. शेवटी सापडलं. गॅरेजचा जुना स्विचबोर्ड आणि ओट्यावरचा स्विचबोर्ड भिंतीत पाठीला पाठ लावून होते आणि मधून तारांचा पाइप आरपार. आई फोनवर बोलायची त्या बोर्डाशी उभी राहून. माझा बोर्ड तिथून हलवला, भोक मसाल्याने बुजवलं, पाइपची तोंडं पुटीने. मेथीचा भाव कळायचा बंद झाला.

उरला मिक्सर. मिक्सरचा आवाज हवेतून येतच नव्हता. तो ओट्यातून भिंतीत, भिंतीतून स्लॅबमध्ये आणि तिथून माझ्या डोक्यावर उतरत होता. त्यावर मावसभावाने एक महागडा उपाय सुचवला, मी पैशांची जुळवाजुळव करायला लागलो, आणि मग सहज म्हणून मिक्सरखाली जुन्या योगाच्या मॅटची चौपदरी घडी ठेवून बघितली. गेला. अख्ख्या प्रकल्पातला सगळ्यात परिणामकारक उपाय फुकट निघाला, आणि तो सगळ्यात शेवटी सुचला. आवाज जिथे जन्मतो तिथेच त्याला अडवावं हे मला आधी कुणी सांगितलं नाही, असं म्हणणार होतो. पण आई वर्षभर सांगत होती, “मिक्सर लावायचा नसेल तेव्हा सांग, नाही लावणार.”

आपण बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून एवढं करतो, पण शेजारच्या काकूंचा प्रश्न उलटा होता. वीटकाम सुरू झालं तेव्हाच त्यांनी कुंपणावरून विचारलं होतं, “आता रोज बँड का रे?” निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही कायद्यातली मर्यादा त्यांना पाठ आहे, गणपतीच्या दिवसांत पाठ होते सगळ्यांनाच. मी म्हटलं, काकू, फक्त वाचतो. तरी खात्री करायची म्हणून एका तबलजी मित्राला बोलावलं. तो आत वाजवायला बसला, काकू त्यांच्या अंगणात उभ्या राहिल्या, मी मध्ये फोन धरून.

“येतोय का तबला?”

“तबला नाही रे येत. पण कुणीतरी गादी झोडपतंय.”

तो डग्गा होता. पुडीवरच्या, म्हणजे वरच्या कातड्यावरच्या, शाईमुळे तबल्याला सुरेल उपस्वर मिळतात हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं, पुन्हा १९३४ मध्ये सविस्तर. आमच्या भिंतींनी ते सगळे उपस्वर घरात ठेवून घेतले आणि काकूंकडे फक्त धबधब पाठवली. खालच्या सुरांची लहर लांब असते, शंभर हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर. असल्या लहरीला जिप्समचे दोन थर म्हणजे पडदाच. त्यातून माझ्या खोलीची रुंदी साडेआठ फूट आणि उंची आठ, जवळपास सारखी. त्यामुळे ६६ आणि ७० हर्ट्झवर खोली स्वतःच गुणगुणते आणि डग्ग्याला साथ देते. मित्र म्हणाला, “काय गाजतोय रे!” तो खूश, मी नाही. कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड खांब रचले, त्याने आतलं गाजणं कमी झालं. काकूंकडची गादी झोडपणं राहिलंच. तबल्याचं काम घ्यायचं नाही असं मी ठरवलं, आणि पुस्तक वाचणाऱ्याला ते जड गेलं नाही.

त्याच वर्षी श्रावणात ढोलपथकांचा सराव सुरू झाला तेव्हा हा धडा पुन्हा मिळाला. बाहेर ताशा कडाडतोय, झांजा आहेत, शिट्ट्या आहेत. दोन दारं लावून आत आलो तर ताशा नाही, झांजा नाहीत, एकही माणूस नाही. नुसता ढोल, तोही ऐकू येण्यापेक्षा पायांना कळणारा, पोटात कुणीतरी चालत असल्यासारखा. ते दीड महिने मी सकाळीच वाचतो. उपाय नाही असं नाही, पण त्या उपायाच्या पैशांत आणखी एक गॅरेज येईल.

हवेचं सांगायचं राहिलं. हवा जात नाही अशी खोली केली की हवा जात नाही. पहिल्या आठवड्यात दर चाळीस मिनिटांनी डोकं जड व्हायचं आणि मी त्याचा दोष लेखकाला द्यायचो. एसी होता, पण असा एसी आतलीच हवा गार करून परत देतो, बाहेरून घोटभरही आणत नाही. शेवटी भिंतीत एक खोका बसवला, आतून ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, लावलेला, नागमोडी. हवा वळणं घेत जाते, आवाज वळणावळणावर जिरतो. तो खोका करताना मिस्त्री आणि मी दोघंही आठवडाभर अंग खाजवत होतो. पिंजाऱ्याच्या कापसाला हा त्रास नव्हता.

आणि मग खोली खरोखर शांत झाली. पण पहिल्या दिवशी मला काही वाचता येईना. खुर्ची कुरकुरत होती, घड्याळ टिकटिकत होतं, जिभेचा टाळूवरून सुटताना ‘टच्’ असा आवाज येत होता, पोट तर अख्खं संभाषण करत होतं. बाहेरच्या गोंगाटाने इतकी वर्षं माझं किती झाकलं होतं! घड्याळ काढलं, खुर्ची बदलली, वाचायच्या आधी सफरचंद खायला लागलो. पोटाशी तह झाला नाही.

आईची तक्रार वेगळी होती. ती ऐंशीची आहे आणि तक्रार करत नाही, नुसतं बोलून जाते. “तू घरात आहेस की नाही ते कळत नाही हल्ली.” आधी कपाटातून माझा आवाज घरभर पुसट पसरायचा आणि तो थांबला की ती चहा टाकायची. आता कशावर टाकणार? मला हाक मारली तर ऐकू येत नाही, आणि दार वाजवलं तर दोन दारांमधल्या हातभर जागेतच ते विझतं. फोन तर मीच बंद ठेवतो. दोनदा चहा गार झाला. तिसऱ्या दिवशी तिने ओट्यावरून मला विचारलं, “बाबा गॅरेजात असायचे तेव्हा कळायचं. तुझं कसं कळायचं?”

इलेक्ट्रिशियनला बोलावून पुटी खरवडली, जुन्या पाइपातून एक वायर ओढली आणि पाइप पुन्हा बुजवला. माझ्या माइकसमोर एक झिरोचा दिवा, त्याचं बटण ओट्यापाशी. एकदा मिचकला तर चहा. दोनदा मिचकला तर कुणीतरी आलंय. आईला ते फार आवडलं. पहिल्या दिवशी चार चहा झाले.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आई आणि मावशीने दोन दिवस खपून कुरडया घातल्या होत्या, वर स्लॅबवर, प्लास्टिकच्या कागदावर, माझ्या डोक्याच्या बरोबर वर. गुडघ्यांमुळे आई जिना चढत नाही, मावशी घालून घरी गेली होती, दुपारी काढायचं काम माझं. मी एका कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचत होतो. मध्येच लांबवर काहीतरी गुरगुरल्यासारखं वाटलं, म्हटलं, कोपऱ्यावर बस वळत असेल. तेवढ्यात दिवा मिचकला. एकदा. दोनदा. तीनदा.

तीनदा म्हणजे काय हे आमचं ठरलेलं नव्हतं. वाक्य मध्यावर होतं आणि चांगलं चाललं होतं, म्हणून ते पूर्ण केलं. मग हेडफोन काढून आतलं दार उघडलं, ते लावून बाहेरचं उघडलं, आणि समोर वळीव. रस्ता दिसत नव्हता एवढा. मातीचा वास, पत्र्यांवरचा ताशा, कुणाच्या तरी खिडकीचं दार आपटत होतं, आणि आई जिन्याच्या पहिल्या पायरीवर, डोक्यावर परात धरून, वर बघत उभी.

मी धावत वर गेलो. कागद चारी बाजूंनी उचलला तर मधोमध तळं. निम्म्या कुरडयांचा परत चीक झाला होता.

“तीनदा लावला की रे,” आई म्हणाली.

रात्री ते प्रकरण तपासायला बसलो. हेडफोन लावले, आवाज पूर्ण वाढवला आणि त्या वाक्याच्या मागे काही आहे का ते कितीतरी वेळ ऐकत राहिलो. वाक्य स्वच्छ होतं. पावसाचा एक थेंबही आला नव्हता.